लाल गाडी आणि साडूंचा चढ

गाडी सासूबाईंसाठी घ्यायची, याबद्दल आप्पांच्या घरात कुणाचंच दुमत नव्हतं. दुमत झालं ते गाडी घरी आल्यावर. सासूबाईंसाठी म्हणून आलेली ती गाडी लालभडक होती, जमिनीला जवळजवळ टेकलेली होती, तिच्या पाठीवर पंख होता आणि सुरू केली की ती कुणावर तरी डाफरल्यासारखा आवाज काढायची. सासूबाईंनी गॅलरीतून तिला नीट न्याहाळलं आणि त्या म्हणाल्या, "जावईबापू, ही माझ्यासाठी आणलीत, की मला पळवून न्यायला कुणी येणार आहे?"

आप्पांना नावं ठेवण्याआधी त्यांची बाजू ऐकून घ्यायला हवी. आप्पा एका मोठ्या छापखान्यात मुद्रितशोधक होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून ते संध्याकाळी घरी येत, तेव्हा त्यांच्या चुका काढायला बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी अशा दोघी ताज्यातवान्या बसलेल्या असत. अशा घरात सासूबाई हाच काय तो आप्पांचा पक्ष. सासू आणि जावई यांचं इतकं गूळपीठ असू शकतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही, आप्पांच्या बायकोचा तर अजूनही बसलेला नाही. पण आप्पा दारात चपला काढत असतानाच "आज कुणाची चूक पकडलीत?" असं आतून विचारणारं आणि उत्तर ऐकून खुदकन हसणारं माणूस जगात एकच होतं. आणि नेमकं तेच माणूस साडूंनी पळवायचा घाट घातला होता.

साडू म्हणजे आप्पांच्या धाकट्या मेव्हणीचे यजमान. धंद्यानं कंत्राटदार. त्यांनी शहराबाहेरच्या एका टेकडीवर बंगला बांधला होता आणि तो बांधून झाल्याची बातमी ते आठवड्यातून दोनदा फोन करून देत. त्यातलाच एक फोन आप्पांच्या वर्मी लागला.

"आप्पा, राग मानू नका," साडू म्हणाले, "पण आईंनी आता आमच्याकडे यावं हेच बरं. खोली तयार आहे. बाथरूममध्ये धरायला दांड्या लावल्यात. तुमच्याकडे बिचाऱ्या दोन जिने चढतात. कुठे जायचं म्हटलं तर दारात साधी गाडी नाही."

ज्या वाक्याच्या आधी 'राग मानू नका' असं सांगावं लागतं, ते वाक्य राग यावा म्हणूनच बोललेलं असतं. आप्पांना तो आला. जिन्यांचं ते काही करू शकत नव्हते, पण गाडीचं करू शकत होते. बायको म्हणाली, "अहो, आईला जिथं आवडेल तिथं राहू दे ना. तुमच्या विनोदांना हसायला म्हणून तिला जिने चढायला लावणार का?" आप्पांनी याला उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर 'हो' असंच होतं.

आप्पा शोरूममध्ये गेले ते एक पांढरी, गरीब स्वभावाची गाडी मनात धरून. ती तिथे होतीही. टाय लावलेला विक्रेता तिच्या टपावरून हात फिरवत म्हणाला, "उत्तम निवड, सर. फॅमिली कार. रिटायर झालेली मंडळी हीच घेतात."

आप्पांच्या निवृत्तीला अजून अवकाश होता. त्यांनी आवाजात शक्य तेवढी बेफिकिरी आणून विचारलं, "आणि ती लाल?"

"ती?" विक्रेत्यानं आप्पांच्या बंडीवजा शर्टाकडे पाहिलं. "गाडी तीच आहे, सर. पण तिला स्पोर्ट पॅकेज आहे. ती तरुण मुलं घेतात."

झालं. त्या क्षणी सासूबाईंचे गुडघे मागे पडले आणि आप्पांचा स्वाभिमान पुढे आला. विक्रेता एकेक वैशिष्ट्य सांगत गेला आणि आप्पा त्याला मान डोलावत गेले. बसायला खोलगट सीट, त्यांना लाल दोऱ्याची शिवण. मागे पंख. धूर सोडायला दोन नळकांडी. (त्यातलं एक नुसतंच दिखाऊ असल्याचं आप्पांना पुढे बोट घालून बघितल्यावर कळलं, पण तोवर वेळ निघून गेली होती.) गाडी खाली दाबून बसवलेली, वळणावर रस्ता सोडू नये म्हणून. आप्पा ज्या रस्त्यांवरून जात त्यांवर वळण घेताना वेग असण्याची शक्यता शून्य होती, पण सोय असलेली बरी.

"शिवाय फ्रंट-व्हील ड्राइव्ह आहे, सर," विक्रेता म्हणाला. "म्हणजे पुढची दोन चाकं गाडी ओढतात. मागची दोन नुसती मागून येतात."

आप्पांना ही व्यवस्था चटकन समजली. त्यांच्या छापखान्यातही असंच होतं.

"आणि हे बटण?"

"स्पोर्ट मोड, सर. दाबलं की मीटर लाल होतो आणि आवाज वाढतो."

"वेग?"

"तो आपल्यावर आहे, सर."

गाडी वाजतगाजत सोसायटीच्या फाटकापर्यंत आली आणि फाटकातल्या गतिरोधकावर पोटानं टेकली. असा काही करकरीत आवाज झाला की तळमजल्यावरची माणसं बाहेर आली. हा गतिरोधक नेहमीपेक्षा उंच होता. सुसाट मोटारसायकली हाकणाऱ्या पोरांना आळा बसावा म्हणून तो गेल्याच वर्षी उंच करण्यात आला होता, आणि तो उंच करावा असा अर्ज, मुद्देसूद आणि एकही चूक नसलेला, आप्पांनीच लिहिला होता.

सोसायटीचे सेक्रेटरी हे कायद्याचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारे गृहस्थ. आप्पांनी गतिरोधक थोडा कमी करायची विनंती करताच त्यांनी चष्मा पुसला. "आप्पा, तुमच्याच अर्जावर ठराव झालाय. तो रद्द करायचा तर नवीन अर्ज, मग सभा, मग हरकती. पहिली हरकत तुमच्याच जुन्या अर्जाची येईल. तुम्ही फार पक्कं लिहून ठेवलंय हो." शिवाय गाडीचा पंख पार्किंगच्या पांढऱ्या रेषेच्या बाहेर येतो, त्याचं काय करणार, असंही त्यांनी जाता जाता विचारलं. 'हात दाखवून अवलक्षण' म्हणतात ते याला.

मग सल्ल्यांना तोंड फुटलं. कुणी म्हणालं तिरकी घ्या, कुणी म्हणालं वेगात घ्या, एका आजोबांनी तर गाडी विकून टाका असा सल्ला ती विकत घेतल्याच्या दिवशीच दिला. शेवटी तळमजल्यावरचे फ्रिजवाले पुढे आले. यांनी उभं आयुष्य फ्रिज दुरुस्त करण्यात घालवलं होतं आणि कुठलंही यंत्र हा मुळात बिघडलेला फ्रिजच असतो अशी त्यांची श्रद्धा होती. ते जमिनीवर आडवे झाले, गाडीखाली बघितलं आणि उठून कपडे झटकत म्हणाले, "वजन कमी करा. माणसं उतरवा, गाडी रिकामी पुढे न्या, मग माणसं परत भरा."

हा उपाय लागू पडला आणि तोच आप्पांच्या कुटुंबाच्या मुळावर आला. गतिरोधक काही फाटकातच नसतात. ते शाळेसमोर असतात, दवाखान्यासमोर असतात, आणि काही ठिकाणी तर नुसतेच कुणाला तरी वाटलं म्हणून असतात. प्रत्येक गतिरोधकाआधी आप्पा गाडी थांबवत, बायको आणि मुलगी उतरत, चालत पलीकडे जात आणि गाडी डुलत डुलत पलीकडे आली की परत आत बसत. सासूबाई मात्र उतरत नसत. त्या एकदा त्या खोलगट सीटमध्ये बसल्या की त्यांना बाहेर काढायला दोन माणसं आणि बराच वेळ लागे. म्हणून त्या पुढच्या सीटवर बसून राहत आणि रस्त्यावरच्या लोकांकडे बघून प्रसन्न चेहऱ्यानं हात हलवत. एकदा एक टेंपोवाला शेजारी थांबून म्हणाला, "काका, ढकलायला येऊ का?" आप्पांनी स्पोर्टचं बटण दाबून त्याला गाडीच्याच आवाजात उत्तर दिलं. पुढच्याच क्षणी गतिरोधक आला आणि त्यांना बायकोला उतरवावं लागलं.

आप्पांनी गाडी सर्व्हिसिंगला नेली तेव्हा तक्रारींची यादी पाठ करूनच नेली होती. सर्व्हिस सेंटरमधला तरुण सल्लागार हातातल्या पाटीसारख्या फोनवर बोट फिरवत ऐकत होता.

"गाडी खाली घासते."

"स्पोर्टी सस्पेन्शन, सर."

"खड्ड्यातून गेली की दात वाजतात."

"स्पोर्टी फील, सर. रस्ता आपल्याला समजला पाहिजे."

"मला रस्ता समजलाय. माझ्या मिसेसना कंबरेतून समजलाय. त्या आवाजाचं काय?"

"स्पोर्टी साउंड."

"आणि म्हाताऱ्या माणसाला सीटमधून उठता येत नाही?"

सल्लागार जरा अडखळला, पण शिकवण पक्की होती. "सर, सीट माणसाला धरून ठेवते. ते मुद्दाम केलंय." त्यांनी तेल बदललं, काच धुवायच्या टाकीत निळं पाणी भरलं आणि गाडी परत दिली. गाडीला झालंय काय, तर काहीच नाही, ही गोष्ट आप्पांना सगळ्यात जास्त लागली.

सासूबाईंची मात्र गाडीशी गट्टी जमली होती. विशेषतः गाडीत बोलणाऱ्या बाईशी. 'कृपया सीट बेल्ट लावावा' असं ती छापील भाषेत म्हणाली की सासूबाई "लावते गं बाई, दम धर," असं म्हणत. दार नीट लागलं नाही असं तिनं सांगितलं की त्या आप्पांना म्हणत, "बघा, घरात तुमच्या चुका काढायला दोघी कमी होत्या." आणि आप्पांनी प्रत्युत्तर केलं की त्या सीटमध्ये खोलवर बसून खुसुखुसू हसत. आप्पांना वाटे, गाडी घेतल्याचं सार्थक झालं ते एवढंच.

आणि मग साडूंचा फोन आला. येत्या रविवारी सगळ्यांनी जेवायला यायचं. चार पाहुणे असतील. आईंना घर दाखवायचं, खोली दाखवायची, आणि आवडली तर त्यांनी तिथेच राहायचं. "आणायला मी माझी जीप पाठवतो," साडू म्हणाले. "राग मानू नका, पण तुमची ती लाल वस्तू माझ्या चढावर यायची नाही. माझी जीप मोठी आहे, चारही चाकांना ताकद. आईंना चढता यावं म्हणून स्टूलसुद्धा घेतलंय."

"आई माझ्या गाडीतून येतील," आप्पा म्हणाले. आवाज शांत होता.

त्या सबंध आठवड्यात आप्पा धड जेवले नाहीत. टेकडीवर खोली होती, दांड्या होत्या, जिने नव्हते. आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे आपण होतो, आणि आपण काही मोठी सोय नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आई एकदा वर गेल्या की परत यायच्या नाहीत. मग संध्याकाळी चपला काढताना आतून कुणी काही विचारणार नव्हतं. ते मनातल्या मनात स्वतःला बजावत होते की आईंचं सुख महत्त्वाचं. पण त्यांना आई हव्या होत्या, हे खरं. निदान टेकडीपर्यंत तरी त्या आपल्या गाडीतून गेल्या पाहिजेत, एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात होती आणि तिला ते घट्ट धरून बसले.

रविवारी मंडळी निघाली. वाटेतले सगळे गतिरोधक उतरत, चालत, चढत पार पडले. टेकडीच्या पायथ्याला आल्यावर साडूंचा चढ दिसला. तो साडूंनी स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतला होता. दुसऱ्यांची कामं करताना कंत्राटदार जे सिमेंट हातचं राखतात, ते सगळं बहुधा इथे लागलं असावं. रुंद, उभा आणि घोटून घोटून असा गुळगुळीत केलेला की त्यात तोंड बघावं. त्यातून पाहुणे यायचे म्हणून साडूंनी सकाळीच जीप साबणानं धुतली होती आणि ते सगळं फेसाळ पाणी चढावरून खाली वाहत आलं होतं.

आप्पांनी पहिला प्रयत्न साध्या पद्धतीनं केला. गाडी थोडी वर गेली, पुढची चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी अदबीनं परत खाली आली. दुसरा प्रयत्न त्यांनी स्पोर्टचं बटण दाबून केला. या वेळीही गाडी खालीच आली, पण आवाज करत. रबर जळाल्याचा वास सुटला. गाडीतली बाई म्हणाली, 'चाके घसरत आहेत.'

"बाई हुशार आहे हो," सासूबाई म्हणाल्या.

बायको आणि मुलगी उतरल्या. तरीही तेच. आवाज ऐकून वर बंगल्याच्या कठड्याशी माणसं जमली. पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले साडू कठड्यावरून ओणवे होऊन ओरडले, "आप्पा! राहू द्या! मी जीप आणतो, दोर बांधून ओढून घेऊ!"

"दोर नको!" आप्पा खालून ओरडले.

"मग आईंना तरी जीपमध्ये घेतो!"

"आईंना कुणी हात लावायचा नाही!" आप्पा इतक्या जोरात ओरडले की वरचे पाहुणे चपापले. बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, ओढून घेतली तर काय बिघडलं? पोचल्याशी कारण." पण आप्पांना नुसतं पोचायचं नव्हतं. साडूंच्या दोराला बांधून गेलेली गाडी ही आपली गाडी नव्हे, आणि तिच्यातून गेलेल्या आई आपण नेलेल्या नव्हेत.

त्यांनी फ्रिजवाल्यांना फोन लावला. मुलीनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"केव्हा विचारताय याचीच वाट बघत होतो," फ्रिजवाले म्हणाले. त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली, मधेच साबण कुठला होता तेही विचारलं. "सोपं आहे. तुमच्या गाडीची ताकद पुढच्या चाकांत. चढावर वजन जातं मागे. मग पुढच्यांना पकड कुठून येणार? गाडी फिरवा. तोंड खाली, पाठ वर. रिव्हर्समध्ये चढवा. सगळं वजन पुढच्या चाकांवर येईल."

"मागे मागे जायचं? त्या सगळ्यांच्या देखत?"

"चढायचंय ना? आणि तरी घसरली तर बॉनेटवर कुणाला तरी बसवा. चांगलं भरलेलं माणूस हवं."

मुलीनं फोन ठेवला. मग बायकोनं आप्पांच्या पोटाकडे बघितलं. मुलीनंही बघितलं. काचेआडून सासूबाईंनी बघितलं.

"मी चालवतोय," आप्पा म्हणाले.

"बाबा, माझ्याकडे लायसन्स आहे," मुलगी म्हणाली. ते तिच्याकडे बऱ्याच दिवसांपासून होतं. आप्पांनी तिला आजवर गाडी फक्त पुसायला दिली होती.

"अगं, पण क्लच हळू सोडायचा, स्टिअरिंग सरळ, आरशात बघायचं, आणि गाडीच्या पुस्तकात छत्तिसाव्या पानावर म्हटल्याप्रमाणे..."

"बाबा, उतर."

"जावईबापू, ठेवा की पोरीवर विश्वास," सासूबाई म्हणाल्या. "मी आत बसल्येय आणि मला भीती नाही. तुम्ही बाहेर असणार, तुम्हाला कसली भीती?"

"आई, बाहेर असणार म्हणूनच!"

पण आप्पा उतरले. आयुष्यात एखादी वेळ अशी येते की माणसाला आपली प्रतिष्ठा आणि आपलं काम यांतलं एकच निवडावं लागतं, आणि ती वेळ नेमकी चार पाहुण्यांच्या देखत येते. गाडी वळवून झाली. आप्पा आधी बॉनेटवर बाहेरच्या बाजूला तोंड करून बसले, पण धरायला काही मिळेना. म्हणून त्यांनी गुडघे टेकले, काचेकडे तोंड केलं आणि काचेच्या बुडाशी असलेल्या फटीत दोन्ही हातांची बोटं रुतवली. आता त्यांच्या नाकासमोर काच होती आणि काचेपलीकडे सासूबाई होत्या. बायको लांब जाऊन उभी राहिली. आपला या माणसाशी काही संबंध नाही असं तिनं चेहऱ्यानं जाहीर केलं.

मुलीनं गाडी रिव्हर्सला टाकली. चाकं किंचित फिरली, आणि गाडी वर सरकली. घसरली नाही. आणखी सरकली.

"चढतेय!" आप्पा काचेला म्हणाले.

तेवढ्यात मुलीला समोरचा बाप स्पष्ट दिसेनासा झाला, कारण बापाच्या श्वासानं काच धूसर झाली होती. तिनं काच पुसायची दांडी ओढली. सर्व्हिस सेंटरनं प्रेमानं भरलेल्या निळ्या पाण्याची धार आप्पांच्या तोंडावर बसली आणि पाठोपाठ वायपरनं त्यांच्या बोटांवरून जायला सुरुवात केली. वायपर आला की आप्पा एक हात उचलत, गेला की ठेवत. "बंद कर! बंद कर!" ते ओरडले. मुलीला ते 'जोरात कर' असं वाटलं नाही एवढंच नशीब. तिला काहीच ऐकू गेलं नाही. सासूबाईंनी सुरुवातीला पदर तोंडाला लावला होता. मग त्यांनी तो सोडला. मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग डोळे गच्च मिटले, आणि त्या तोंड उघडून हसायला लागल्या. काचेमुळे आवाज येत नव्हता. आप्पांना फक्त दिसत होतं. निळं पाणी डोळ्यांत चुरचुरत असतानाही ते क्षणभर ओरडायचे थांबले, कारण आईंना इतकं हसताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

वर कठड्याशी उभ्या पाहुण्यांना गाडीचं दर्शन उलट क्रमानं घडलं. आधी पंख आला. मग दोन नळकांडी, एक खरं आणि एक खोटं. मग मान मागे वळवून, दात ओठावर रोवून गाडी हाकणारी मुलगी. तिच्या शेजारी डोळे पुसत असलेल्या सासूबाई. आणि सगळ्यात शेवटी, बॉनेटवर गुडघे टेकून बसलेले, तोंड निळं झालेले आप्पा. एका पाहुण्यानं साडूंना हळूच विचारलं, "हेच का तुमचे मोठे साडू?" साडूंना 'हो' म्हणावं लागलं.

"चढली," आप्पा बॉनेटवरूनच म्हणाले. मान ताठ होती. नाकावरून निळा थेंब टपकत होता.

पुढचं सगळं रीतसर झालं. बायको चढ चालत वर आली आणि दोन्ही लेकींनी मिळून आईला सीटमधून उपसून काढलं. घर दाखवण्यात आलं. घर खरंच चांगलं होतं, आप्पांनी बारकाईनं शोधूनही त्यात चूक सापडली नाही. आईंची खोली तर सगळ्यात छान. मोठी खिडकी, मऊ पलंग, बाथरूममध्ये चकचकीत दांड्या, उशाशी बेलचं बटण. धाकट्या मेव्हणीनं पलंगावरची चादर उगीचच सारखी केली. तिनं ती खोली मनापासून सजवली होती, आणि ते बघून आप्पांचा उरलासुरला राग गळून पडला. रागाच्या जागी नुसतं वाईट वाटणं उरलं. ते दाराशी उभे राहून आपल्या ओल्या बाह्या पिळत होते.

"मग आई," साडू सगळ्यांसमोर म्हणाले, "आता इथेच ना?"

सासूबाई पलंगावर बसल्या. हातानं गादी दाबून पाहिली. धाकट्या लेकीला जवळ बसवून तिचा हात आपल्या हातात घेतला.

"खोली फार सुंदर केलीस गं. मी येत जाईन. चार दिवस राहीन, हक्कानं राहीन."

"चार दिवस काय, कायमची राहा ना आई. तिकडे ते दोन जिने..."

"चढते मी. सावकाश चढते. वर जाऊन आज काय झालं असेल ते बघायची उत्सुकता असते ना, पाय आपोआप उचलले जातात." त्या थांबल्या. "इथे माझी सोय होईल, बाळा. कशाला नाही म्हणू? पण आज त्या काचेतून मी या माणसाकडे बघत होते. तुझे बाबा गेल्यापासून मी इतकी हसले नव्हते. मला वाटलं होतं, असं हसायचं मी विसरलेय. माझं आता राहिलंय किती? ते मी जिथं हसू येतं तिथं काढते."

साडूंनी जीपसाठी घेतलेल्या, आता पलंगाशी ठेवलेल्या स्टुलाकडे पाहिलं आणि ते पायानंच हळूच पलंगाखाली सरकवलं. आप्पांना आपण सगळ्यांसमोर हास्यास्पद ठरलो याचं वाईट वाटून घ्यावं की आणखी काही, हे ठरवता येईना. ते डोळे पुसायला लागले. बायको जवळ आली, आपल्या पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "त्या पाण्यानं चुरचुरतंय ना?"

"हो," आप्पा म्हणाले. "त्या पाण्यानंच."

जेवणं झाली. निघायची वेळ आली तेव्हा साडू बाहेर आले आणि गाडीकडे बघून म्हणाले, "आता वळवायला जागा करून देऊ का?"

"कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "तिचं तोंड घराकडेच आहे."

मुलगी आपणहून स्टिअरिंगमागे जाऊन बसली आणि आप्पांनी तिला काही म्हटलं नाही. सासूबाईंना दोन लेकींनी धरून सीटमध्ये सोडलं. गाडीतल्या बाईनं बेल्ट लावायला सांगितला, त्यांनी लावला. आप्पा अजून बाहेरच उभे होते, अंगावरच्या निळ्या डागांकडे बघत. सासूबाईंनी काच खाली केली.

"चला, जावईबापू. आत बसताय, की नेहमीच्या जागी?"

आप्पांनी बॉनेटकडे पाहिलं, कठड्याशी उभ्या पाहुण्यांकडे पाहिलं. मग त्यांनी मोठ्या रुबाबात मागचं दार उघडलं आणि टपावर डोकं आपटून आत बसले. पुढच्या सीटवरून हसण्याचा आवाज आला. आप्पांनी कपाळ चोळलं आणि मुलीला म्हणाले, "चल. घरी."